आमची वाटचाल: तक्रार कोणी बंद करायची?

२०१० साली सांगलीत मारुती चौकाजवळच्या एका गाळ्यात आम्ही दोघांनी डीटीपीचं काम सुरू केलं. भागीदार माझा शाळेतला मित्र. गाळा त्याचा, संगणक माझे. लग्नपत्रिका, निविदा सूचना, ग्रामपंचायतींचे दाखले. श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाईल पंचायत समितीत उघडली की भलतीच अक्षरं दिसायची. ती युनिकोडमध्ये आणून द्यायचं काम आमच्याकडे येऊ लागलं आणि त्यातूनच सरकारी कार्यालयांशी ओळख झाली. आज आमच्याकडे नऊ माणसं आहेत. नगरपरिषदा आणि ग्रामपंचायतींसाठी तक्रार नोंदणी, व्हॉट्सअ‍ॅप सेवा, संकेतस्थळ, फेसबुक पेज अशी कामं करतो.

या धंद्यातला आमचा पहिला गिऱ्हाईक म्हणजे वाळवा तालुक्यातल्या एका गावचे ग्रामसेवक. गावात ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणत आलो. २०११ च्या उन्हाळ्यात ते गाळ्यावर आले आणि म्हणाले, "कोतवाल दवंडी देतो ती वरच्या आळीला ऐकू येते, मळ्यात राहणाऱ्यांना येत नाही. पाण्याची पाळी कळत नाही म्हणून रोज भांडणं. सगळ्यांच्या खिशात मोबाईल आहे, त्यावर दवंडी देता येईल का?"

मोबाईलवर दवंडी. आमचा सगळा धंदा त्या एका वाक्यातून उभा राहिला.

संगणकावरून एसएमएस पाठवणारा एक जीएसएम मोडेम आणला, त्यात चार सिमकार्डं घातली. गावातले साडेसहाशे नंबर भाऊसाहेबांनी स्वतः घरोघर फिरून वहीत उतरवून आणले. मराठी एसएमएस ७० अक्षरांचा, इंग्रजी १६० चा. त्यात काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडायची खूण, सगळं वेगळं मोजलं जातं. 'ग्रामसभा' दिसायला चार अक्षरं, मोजायला आठ. ७० च्या पुढे एक अक्षर गेलं की दोन संदेशांचे पैसे. भागीदार तासन् तास बसून शब्द कातरायचा. 'उद्या स. ६ ते ७ वरची आळी, ७ ते ८ खालची आळी पाणी.' असा मजकूर लिहायला कसब लागतं, आणि ते त्याच्याइतकं मी कोणात पाहिलं नाही. नव्या पोरांना मी आजही सांगतो, आधी मजकूर ७० त बसवून दाखवा, मग स्क्रीनच्या रंगांचं बोलू.

सप्टेंबरात ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, नियम आला, एका सिमवरून दिवसाला १०० च एसएमएस. नोव्हेंबरात ते २०० झाले. दिवसातून दोन दवंड्या द्यायच्या तर आमचा मोडेम गावाला पुरेना. घाऊक एसएमएस पाठवणारा गेटवे घेतला, दर संदेशामागे पैसे मोजले आणि तो खर्च वर्षभर स्वतः सोसला.

पण ज्या गोष्टीचा मला खरा अभिमान आहे ती पुढची. भाऊसाहेब तक्रारींची एक नोंदवही ठेवत. क्रमांक, तारीख, नाव, तक्रार, कोणाकडे दिली, काम झाल्याची तारीख. एकदा एका म्हातारीची नळाची तक्रार शिपायाने 'काम पूर्ण' म्हणून लिहिली. दोन दिवसांनी ती आजी रिकामी कळशी घेऊन कार्यालयात येऊन बसली. त्या दिवशी भाऊसाहेबांनी वहीत तांबड्या शाईने आणखी एक रकाना आखला: 'तक्रारदारास विचारले काय?' तो रकाना भरल्याशिवाय तक्रार संपली असं ते मानत नसत.

२०१४ मध्ये नगरपरिषदांसाठी तक्रार प्रणाली बनवताना तो तांबडा रकाना आम्ही जसाच्या तसा उचलला. मुकादमाने 'काम झालं' असं दाबलं, फोटो टाकला, तरी तक्रार बंद होत नाही. तक्रारदाराला संदेश जातो: झालं असेल तर १, नसेल तर २. २ आलं की तक्रार आरोग्य निरीक्षकाच्या टेबलावर. पुन्हा २ आलं की मुख्याधिकाऱ्यांच्या. सात दिवसांत उत्तरच नाही आलं तर ती 'उत्तर नाही' या वेगळ्या खान्यात राहते. निकालीत धरली जात नाही.

त्याच वर्षी २६ जुलैला केंद्राचं मायगव्ह संकेतस्थळ सुरू झालं, पुढच्या जानेवारीत राज्याचं 'आपले सरकार' पोर्टल आलं, २०१५ मध्येच लोकसेवा हक्क कायदा झाला. चांगली कामं. दाखल्यांना मुदत मिळाली, लोकांना धोरणांवर बोलायला जागा मिळाली. पण तुंबलेलं गटार दिल्लीला कळवून उपसलं जात नाही. ते वॉर्डातल्या मुकादमाला कळावं लागतं, आणि उपसलं की नाही ते समोर राहणाऱ्या बाईनेच सांगावं लागतं.

आता २०१८ चं सांगतो. हे लिहायला बसलो ते मुख्यतः यासाठीच.

एका नगरपरिषदेत आमची प्रणाली तीन वर्षं चालू होती. मुकादम शिकले होते, वॉर्डातल्या लोकांना नंबर पाठ झाला होता. तेव्हा स्वच्छ सर्वेक्षणाचे, म्हणजे शहरांच्या स्वच्छतेच्या केंद्रीय क्रमवारीचे, वारे जोरात. नागरिकांच्या प्रतिसादाला गुण, केंद्राच्या स्वच्छता अ‍ॅपला गुण. प्रत्येक आढावा बैठकीत एकच प्रश्न: निकाली टक्केवारी किती? आमची प्रणाली दाखवायची एकसष्ट. खरे एकसष्ट. उरलेल्यांत 'नाही' म्हणणारे लोक होते, त्यांची गटारं अजून तुंबलेली होती. तो आकडा मोठ्या बैठकीत मांडायचा कोणी, हा प्रश्न उभा राहिला.

मुदत संपली, निविदा निघाली. अट होती मागच्या तीन वर्षांत दरवर्षी एक कोटीची उलाढाल. आमची उलाढाल अठरा लाख. तांत्रिक लिफाफ्यातच आम्ही बाद. काम मोठ्या शहरातल्या एका कंपनीला गेलं. महिन्याभराने त्यांची माहितीपुस्तिका हाती लागली. ती आमचीच होती. भागीदाराने 'आरोग्य निरीक्षक' एका पानावर चुकून 'आरोग्य निरिक्षक' लिहिलं होतं, तेसुद्धा त्याच पानावर तसंच. सगळं उचललं, फक्त १ आणि २ चा संदेश काढून टाकला. तक्रार बंद करायचं बटण कर्मचाऱ्याच्या हातात दिलं. पहिल्याच तिमाहीत निकाली टक्केवारी शंभर. सत्कार झाला, फोटो छापून आले, ते पत्रक मला तिघांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं.

आमचं शेवटचं बिल, दोन लाख ऐंशी हजार, लेखापरीक्षणाच्या आक्षेपात अडकलं. आक्षेप काय, तर 'सेवा समाधानकारक असल्याचा पुरावा नाही'. ज्या प्रणालीत प्रत्येक कामाला नागरिकाची साक्ष होती तिच्याकडेच पुरावा मागितला गेला. ते बिल आजवर मिळालेलं नाही. भागीदाराने त्या दिवाळीत हिशोब करून हात काढून घेतला. त्याच्या घरी मुलीचं शिक्षण होतं, मी त्याला दोष दिला नाही. गाळा मात्र भाड्याने माझ्याकडेच ठेवला, आणि ते भाडं त्याने कधी वाढवलं नाही.

या धंद्यात येणाऱ्यांनी चार गोष्टी ऐकाव्यात. वर्क ऑर्डर हातात आल्याशिवाय एक ओळ लिहू नका, साहेब कितीही चांगले असोत. काम पूर्ण झाल्याचा दाखला दर तिमाहीला सहीशिक्क्यासह घ्या, वर्षाअखेरीची वाट पाहू नका. ३१ मार्चच्या आत बिल निघालं नाही तर वर्ष गेलं समजा. आणि नगरपरिषदेचं फेसबुक पेज कधीही एखाद्या लिपिकाच्या खासगी खात्यावरून उघडू नका. त्याची बदली झाली की पेजची किल्ली त्याच्याबरोबर जाते, आणि पाच वर्षांची मेहनत कुलूप लागून पडते. दोन ठिकाणी मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे.

भागीदार गेल्याला वर्ष झालं नाही तोच महापूर आला. ऑगस्ट २०१९. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांवर इशारा, ४५ ला धोका, हे सांगलीच्या पोरासोरांना पाठ असतं. २००५ चा पूर आम्ही पाहिला होता, पाणी त्याच्या वर जाणार नाही असं धरून चाललो होतो. ते ५७ फुटांच्या वर गेलं. मारुती चौक, हरभट रोड पाण्याखाली. आमचा सर्व्हर गाळ्यातच होता, जमिनीपासून तीन फुटांवर, पुरे पडेल अशा भरवशाने ठेवलेला. तो माझा निर्णय होता आणि चुकीचा होता.

बॅकअपची डिस्क विश्रामबागेत घरी होती, ती वाचली. तिच्यातून एक नंबर आणि एक सेवा घरच्या लॅपटॉपवर उभी केली आणि आठ दिवस, दिवसरात्र, फक्त आकडे पाठवले. आयर्विनची पातळी, कोयनेतून विसर्ग किती, अलमट्टीतून किती. लोक पैपाहुण्यांना घेऊन गच्चीवर बसलेले, फोनची बॅटरी संपत आलेली, त्यांना चित्रं आणि शुभेच्छा नको होत्या. ७० अक्षरांची सवय तेव्हा कामी आली. ब्रह्मनाळ गावात पूरग्रस्तांना नेणारी नाव उलटल्याची बातमी आली त्या दिवशी नंबरवर एकामागून एक एकच प्रश्न येत होता, आमच्या गावाला बोट कधी येणार. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी प्रत्येक गावाचं नाव आणि माणसांचा आकडा कागदावर लिहून नियंत्रण कक्षाला फोनवर वाचून दाखवत राहिलो.

पाणी ओसरल्यावर कळलं की बॅकअप एकोणीस दिवस जुना आहे. सात ग्रामपंचायतींच्या एकोणीस दिवसांच्या नोंदी गेल्या. करारात दंडाची अट होती. हातात पैसे नव्हते, भागीदार नव्हता, गाळ्यात गुडघाभर चिखल. मी बंद करायचं ठरवलं होतं.

तेव्हा भाऊसाहेब आले. त्यांची तोवर दोनदा बदली झाली होती, आणि प्रत्येक नव्या गावात त्यांनी आम्हाला नेलं होतं. कापडात बांधलेल्या वह्या आणल्या होत्या. प्रणाली आली तरी त्यांनी हाताने लिहायची नोंदवही कधी सोडली नव्हती, आणि शेजारच्या चार गावांच्या ग्रामसेवकांनाही सोडू दिली नव्हती. मी त्यावरून त्यांच्याशी किती वाद घातला होता. "दुबार काम कशाला, भाऊसाहेब?" ते म्हणायचे, "असू द्या." त्या वह्यांवरून माझ्या बायकोने आणि दोन मुलांनी अकरा रात्री जागून नोंदी परत चढवल्या. सातपैकी पाच गावं पूर्ण झाली. उरलेल्या दोघांनी दंड लावला नाही.

नंतरची वर्षं सांगण्यासारखी कमी. २०२१ मध्ये डीएलटी आलं, प्रत्येक एसएमएसचा साचा आधी मंजूर करून घ्यायचा, मग व्हॉट्सअ‍ॅपचा अधिकृत मार्ग घेतला. खासगी नंबरवरून हजारोंना संदेश पाठवणाऱ्यांचे नंबर बंद पडतात, तो मोह टाळा. मग बहुतेक नगरपरिषदांत प्रशासक आले आणि डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका होईपर्यंत राहिले. नगरसेवकच नाही, तर माणूस सांगणार कोणाला? त्या काळात आमच्या नंबरवर येणाऱ्या तक्रारी दुपटीहून वाढल्या. सध्या आम्ही रस्त्यांच्या कामाचं एक पान करतो आहोत: कोणता रस्ता, कोणता ठेकेदार, दोषदायित्व कालावधी, म्हणजे रस्ता खराब झाल्यास ठेकेदारानेच दुरुस्त करून द्यायची मुदत, कधी संपतो. माहिती अधिकाराच्या कलम ४ प्रमाणे ही माहिती मागायच्या आधीच लोकांना मिळायला हवी. जे मुख्याधिकारी हे लावतात त्यांच्या शहरात खड्ड्याची तक्रार थेट ठेकेदाराच्या नावावर पडते. बाकीच्यांनीही लावावं.

भाऊसाहेब २०२३ मध्ये निवृत्त झाले. आता जवळच्या एका नगरपरिषदेच्या हद्दीत मुलाकडे राहतात. ती नगरपरिषद आमच्याकडे आहे. मागच्या महिन्यात तिथल्या विद्युत विभागातून मला फोन आला. "साहेब, तुमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. त्यांच्या घरासमोरच्या खांबाचा दिवा आम्ही बदललाय, तरी दोनदा २ दाबलंय त्यांनी. मार्चचा आढावा आहे. जरा सांगा ना त्यांना १ दाबायला."

मी भाऊसाहेबांना फोन केला आणि फक्त दिव्याचं विचारलं. ते म्हणाले, "लागतो, पण तासाभराने विझतो. वायर बदलायला हवी."

मी विभागाला तसं कळवलं. तक्रार अजून उघडी आहे.