बायोमेडिकलवाली प्रोफेसर झाली, त्याची गोष्ट

मागच्या महिन्यात प्रोफेसरची ऑर्डर हातात आली आणि तेव्हापासून तीन-चार जणींनी विचारलं की कसं केलंस, म्हणून लिहितेय. 2003 ला लेक्चरर म्हणून लागले तेव्हा नातेवाईक विचारायचे, म्हणजे तू डॉक्टर की इंजिनिअर? पोस्ट निघाली होती इलेक्ट्रॉनिक्सची, माझी डिग्री बायोमेडिकल इंजिनिअरिंगची, तेव्हा कोणी काही बोललं नाही, ते भूत नंतर निघालं.

पीएचडी नोकरी सांभाळून. विषय, ईसीजीमधला नॉइज, म्हणजे हृदयाच्या सिग्नलमध्ये मिसळलेले नको ते सिग्नल, काढणं. आधी सगळं एमआयटी-बीआयएच डेटाबेसवर, म्हणजे अमेरिकेतल्या ईसीजींच्या तयार संग्रहावर, 48 रेकॉर्ड, प्रत्येकी अर्ध्या तासाचं, फुकटात मिळतं. फिल्टर झकास चालला. मग गाइड म्हणाले आता खऱ्या पेशंटवर दाखव. पेशंटवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीत सात महिने गेले, त्यातले निम्मे नुसत्या मराठी संमतीपत्रात, मी लिहिलं होतं 'विद्युतअग्रे त्वचेवर स्थापित केली जातील', तर कमिटीतल्या एक बाई म्हणाल्या, हे घरी आईला वाचून दाखवा. दाखवलं. आई म्हणाली, शॉक देणार का गं? मग लिहिलं, 'छातीला चिकट पट्ट्या लावू, दुखणार नाही, शॉक बसणार नाही.' पास.

पहिल्या दिवशी वॉर्डात रेकॉर्डिंग घेतलं तर लाइन जाड, केसाळ, पी वेव्ह, म्हणजे प्रत्येक ठोक्याची पहिली छोटी लाट, दिसेचना. दोन तास वायरी बदलल्या, पट्ट्या बदलल्या, पंखा बंद करायला लावला, आजोबा बिचारे घामाघूम. शेवटी टेक्निशियन दादा म्हणाले, मॅडम हा मेन्सचा हम आहे, म्हणजे लाइटच्या सप्लायचा नॉइज. बघते तर माझा फिल्टर 60 हर्ट्झचा हम काढायला लावलेला! डेटा अमेरिकेतला ना, तिकडची लाइट 60 ची, आपली 50 ची. आणि हे मी स्वतः पोरांना शिकवते, कुठे तोंड लपवू झालं.

आता प्रमोशन. असोसिएट प्रोफेसरवरून प्रोफेसर म्हणजे पगाराच्या लेव्हल 13ए1 वरून 14. एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, 2019 च्या नियमात असोसिएट म्हणून किमान 3 वर्षं, त्या काळातले 6 रिसर्च पेपर आणि पीएचडी झालेले 2 विद्यार्थी, नाहीतर सरळ 10 पेपर. माझा एकच विद्यार्थी पूर्ण झाला, दुसऱ्याला बंगलोरला नोकरी लागली, गेला तो गेलाच. म्हणून 10 पेपर.

फाइल अडली कुठे, तर इलेक्ट्रॉनिक्सच्या पोस्टवर बायोमेडिकलची डिग्री कशी? 20 वर्षांनी! 2003 चं विद्यापीठाचं अप्रूव्हल लेटर आणा म्हणाले. कॉलेजकडे नाही. घर पालथं घातलं, सापडलं मिक्सरच्या वॉरंटी कार्डाबरोबर, हळदीचा डाग पडलेलं, तसंच झेरॉक्स करून लावलं.

इंटरव्ह्यू जेमतेम बारा मिनिटं. पहिला प्रश्न, तुम्ही हॉस्पिटलची मशिनं रिपेअर करता का? म्हटलं सर, तेही करते.

ऑर्डर मिळाली, एरिअर्स नाही. कुणाला संमतीपत्राचा मराठी नमुना हवा असेल तर देते, फाइल मात्र मागू नका, ती अजून अकाउंट्समध्ये आहे.