एचडी ६०० पहिलाच

आज दुपारभर तिन्ही हेडफोन आलटून-पालटून ऐकले. प्रत्येक वेळी आवाजाची पातळी सारखी करून घेतली, कारण जो जरा मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. ऐकायला अर्थात किशोरीताई आमोणकर.

सेनहायझरचा एचडी ८०० एस माझ्या पसंतीत तिसरा. महागडा आहे, ५६ मिमीचा ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग) आहे, आवाजाचा मंच तर असा मोठा की तानपुरा कुठे, तबला कुठे, बोट ठेवून सांगावं. पण पेटी वरच्या सप्तकात गेली की कानाला टोचते, आणि गाणाऱ्या बाई चार हात लांब बसल्यासारख्या वाटतात. ख्याल मला इतक्या लांबून ऐकायचा नाही.

दुसरा ऑडेझचा एलसीडी-२. प्लेनर, म्हणजे सपाट पातळ पडद्याच्या ड्रायव्हरचा. डग्ग्याचा घुमारा ऐकावा तर यावरच! मींड घेताना हाताचा तळवा कातड्यावर सरकतो, तेसुद्धा कळतं. वजन मात्र अर्ध्या किलोच्या वर, तासाभरात मान बोलायला लागते.

आणि पहिला एचडी ६००. १९९७ चं मॉडेल, तिन्हींत सगळ्यात स्वस्त. खर्जात थोडा हात आखडता आहे, मान्य. पण माणसाचा गळा असा दुसरीकडे नाही. सूर लावायच्या आधीचा श्वास, तानपुऱ्याची जवारी, आकाराची गोलाई, सगळं जिथल्या तिथे. एवढंच की ३०० ओहम रोधाचा आहे, नुसत्या मोबाईलवर जीव धरत नाही, अॅम्प (अॅम्प्लिफायर) हवाच.

पुण्यात कुणाकडे बायरडायनॅमिकचा डीटी ८८० असेल तर सांगा, माझे तिन्ही घेऊन येतो.