आमच्या गटाचं वर्ष आणि सिव्हिलचा बुधवार

छोट्या संस्थेचं वर्ष हिशेबाच्या वहीमुळे १ एप्रिलला सुरू होतं. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या आमच्या पालक गटाचं ते ‘निरामय’मुळेही होतं. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची ही आरोग्य विमा योजना एक लाख रुपयांपर्यंतची, आणि पॉलिसीचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. आधी वैद्यकीय तपासणी मागत नाहीत, वयाची अट नाही, थेरपीचा खर्चही काही प्रमाणात मिळतो. डाउन सिंड्रोम म्हटल्यावर विमा एजंट फोन उचलायचे बंद होतात, तिथे हे पुष्कळ झालं. फक्त कॅशलेस नाही. पैसे आधी आपल्या खिशातून भरायचे, मग बिलं आणि चिठ्ठ्या जोडून पाठवायच्या, मग वाट बघायची.

आम्ही सगळे पालकच. तालुक्याच्या गावी एका बालवाडीची खोली शनिवारी दुपारी मिळते. पगारी माणूस एकच, फिजिओथेरपीच्या ताई, त्याही आठवड्यातून एकदाच येतात. बाकी कोण गाणी घेतं, कोण खाऊ आणतं. माझ्याकडे कागद. फॉर्म, झेरॉक्स, पावत्या, आणि लोकांना सिव्हिलला, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात, घेऊन जाणं. मला कोणी विचारलं की तुमची संस्था नक्की करते काय, तर मी थेरपी वगैरे सांगत नाही. आम्ही सोबत जातो, एवढंच सांगते. ऐकणाऱ्याला ते फार कमी वाटतं.

नवीन कुटुंब बहुतेक वेळा आशाताईंच्या ओळखीने येतं. बाळ तीन-चार महिन्यांचं, मान धरत नाही, दूध ओढताना दमतं. आई गप्प असते, वडील विचारतात, औषध काय? आणि आजी सोबत असली तर ग्रहण निघतंच. पोटुशी असताना सुनेने विळी हातात घेतली होती म्हणे. गेल्या वर्षी आलेली एक आई बावीस वर्षांची होती. तिला कुणीतरी सांगून ठेवलेलं की असं मूल उशिरा लग्न केलेल्यांनाच होतं, मग मला कसं? आईचं वय वाढतं तशी शक्यता वाढते हे खरं, पण मुळात बाळंतपणंच तरुण बायकांची जास्त, त्यामुळे अशी पुष्कळ मुलं तरुण आयांच्याच कुशीत असतात.

अशा वेळी मी कॅरिओटाइपचा रिपोर्ट काढायला लावते आणि आजींच्याच हातात देते. त्यावर गुणसूत्रांच्या जोड्या ओळीने लावलेल्या असतात, अगदी बारक्या अळ्यांसारख्या दिसतात. एकविसाव्या जागी दोनच्या ऐवजी तीन. खाली लिहिलेलं असतं, ४७, एक्सवाय, अधिक २१. पॅरिसच्या संशोधकांनी १९५९ साली शोधून काढलेली गोष्ट, ग्रहणाशी संबंध नाही, विळीशी नाही. आजी चष्मा लावून बोटाने मोजतात. मोजून झालं की त्या निदान सुनेशी बोलायला लागतात. शंभरातल्या पंचाण्णवांच्या आसपास हाच प्रकार असतो आणि तो घराण्यातून आलेला नसतो. थोड्यांमध्ये ट्रान्सलोकेशन निघतं, म्हणजे जादा एकविसावं दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं, तेव्हा मात्र आईवडिलांचीही तपासणी करावी लागते, कारण पुढच्या बाळाचा प्रश्न असतो. म्हणून रिपोर्टवर खर्च करा, असं मी सांगते.

पण त्याच्याही आधी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. जवळजवळ निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा काही ना काही दोष असतो, आणि मोठं छिद्र असेल तर ‘बाळ जरा अंग धरू दे, मग बघू’ हा सल्ला घातक ठरतो. फुप्फुसांवरचा दाब वाढत गेला की ऑपरेशनची वेळ निघून जाते. सिव्हिलमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं केंद्र असतं, तिथून नाव गेलं की शस्त्रक्रिया मोफत होते. त्या बावीस वर्षांच्या आईचं बाळ असंच पुण्याला गेलं. थायरॉइड दर वर्षी, कान आणि डोळेही तपासायचे. ‘बोलत नाही’ म्हणून आणलेल्या मुलाच्या कानात पडद्यामागे पाणी साठलेलं निघतं, हे आम्हाला आता नवीन राहिलेलं नाही.

जूनमध्ये शाळा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सहा ते अठरा वयापर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ‘आमच्याकडे तशी सोय नाही’ हे वाक्य तरीही दर वर्षी ऐकायला मिळतं. त्या कलमाची झेरॉक्स माझ्या पिशवीत कायम असते. ती काढावी लागली की समजायचं, प्रवेश मिळेल पण मूल मागच्या बाकावर बसेल. चहा पीत बोलून जे मुख्याध्यापक तयार होतात, तिथे मूल टिकतं.

आता बुधवार. दिव्यांगत्वाचा दाखला देणारं आमच्या सिव्हिलचं बोर्ड बुधवारी बसतं. आधी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, मग तारीख, मग सकाळी केस पेपरची रांग, बालरोगतज्ज्ञ, मानसोपचार, आणि सगळ्यात शेवटी मानसशास्त्रज्ञ. रांग, ऊन, बंद पडलेला सर्व्हर हे सगळं आहेच, त्याची सवय होते. अवघड असते ती शेवटची खोली.

तिथे मुलापुढे सेगिन बोर्ड ठेवतात. लाकडी फळी, तिच्यात दहा आकारांचे खळगे, चांदणी, अधिकचं चिन्ह, गोल वगैरे, आणि दहा ठोकळे. ते बसवायचे, घड्याळ लावून. आमची मुलं यात बरी असतात, बघून करायचं असतं म्हणून. त्यानंतर आईला प्रश्न, मूल रोजचं किती आपलं आपण करतं याचे. याला व्हीएसएमएस म्हणतात, आणि दिव्यांगत्वाची टक्केवारी प्रामुख्याने यावर ठरते. २०१८च्या सूचनांप्रमाणे गुण ५५ ते ६९ आले तर ५० टक्के, ३६ ते ५४ आले तर ७५ टक्के, त्याच्या खाली ९० आणि १००. प्रश्न साधे. बटणं लावतो का? अंघोळ करतो का? दुकानातून एखादी वस्तू आणतो का?

आणि आई म्हणते, ‘हो सर, सगळं करतो.’

का म्हणणार नाही? पाच वर्षं तिने त्याच्यासाठी हाडाची काडं केलेली असतात. कणीक मळायला लावून बोटांत जोर आणलेला, पिपाणी फुंकायला लावून ओठ बंद करायला शिकवलेलं, मटार सोलायला लावून चिमूट जमवलेली. आम्हीच दर शनिवारी तिला सांगतो की मुलाला काय येतं ते बघा, काय येत नाही ते मोजू नका. आणि मग एका बुधवारी अनोळखी माणसासमोर बसून नेमकं तेच मोजायचं. पुन्हा सासू बाहेर उभी, नवरा शेजारी. येत नाही म्हटलं तर आपणच कमी पडलो असं तिला वाटतं. टक्केवारी ४०च्या खाली गेली की मग बहुतेक सवलती गेल्या.

रुग्णालयाच्या गेटबाहेर याच्या उलट शिकवणारे भेटतात. फॉर्म भरून देणारे, वरचे दोनशे घेणारे. ‘काहीच येत नाही म्हणा, जास्त टक्के पडतील.’ मला हे अजिबात पटत नाही, आणि कारण कायद्याचं नाही. मूल तिथेच बसलेलं असतं. या मुलांना बोलता कमी येतं, समजतं त्याहून पुष्कळ जास्त. आई आपल्याबद्दल काय सांगतेय हे ती ऐकत असतात.

म्हणून आमच्याकडे आता रीत पडली आहे. आदल्या शनिवारी आईला प्रश्नांचा नमुना समजावून द्यायचा. बटणं लावतो, पण कोणी न सांगता लावतो का? वरचं कोण लावतं? अंघोळ करतो, पण डोक्यावरचा साबण कोण धुतं? जे आहे ते तसंच सांगायचं, कमी नाही, जास्त नाही. आणि बुधवारी दोघींनी सोबत जायचं. एक आईजवळ, दुसरी ठोकळे झाले की मुलाला घेऊन कॅन्टीनला. आमच्या गटातल्या एक काकू, ज्यांचा मुलगा आता पस्तिशीचा आहे, हे काम इतकं मनापासून करतात की काही मुलांना सिव्हिल म्हणजे काकू आणि क्रीमचं बिस्कीट एवढंच माहीत आहे.

पावसाळ्यात ऑडिट, धर्मादाय आयुक्तांचे कागद, देणगीदारांच्या पावत्या. ते सगळ्याच संस्थांना असतं. दिवाळीत पणत्या रंगवून विकल्या. याबद्दल माझं मत गटात कोणाला आवडत नाही. लोक पणतीकडे न बघता मुलाकडे बघून पैसे देतात, आणि सुटे परत घेत नाहीत. मुलांना मात्र स्टॉलवर बसायला भयंकर आवडतं, सबब माझं मत माझ्यापाशी. ३ डिसेंबरला दिव्यांग दिनाचा कार्यक्रम झाला. पाहुणे दोन तास उशिरा आले, मुलं टोप्या घालून मांडवात बसून होती.

या वर्षीचं नवं काम म्हणजे कायदेशीर पालकत्व. गटातला एक मुलगा अठरा वर्षांचा झाला. वडील वारलेले, त्यांच्या पश्चात मुलाच्या नावावर काही रक्कम आली, आणि बँकेने आईला सांगितलं, तो आता सज्ञान आहे, तुमची सही चालणार नाही. मूल अठराचं झालं की आईबापही आपोआप पालक राहत नाहीत, हे कोणी आधी सांगत नाही. एका कार्यालयात तिला कोर्टात जा म्हणून सांगितलं. कोर्टाची गरज नसते. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, अध्यक्ष जिल्हाधिकारी, सोबत एक नोंदणीकृत संस्था आणि एक दिव्यांग सदस्य. तिच्याकडे नमुना ‘अ’मध्ये अर्ज करायचा. ते प्रमाणपत्र बँकांनी मानावं असं रिझर्व्ह बँकेनेही सांगून ठेवलं आहे.

अर्ज गेला, समितीची बैठक लागायला वेळ लागला, पण लागली. मुलालाही आत बोलावलं. साहेबांनी विचारलं, तुझं सगळं कोण बघतं? त्याने आईकडे बोट दाखवलं, आणि मग मामाकडेही दाखवलं. मामा खूश, आई नाराज, समितीवरचे लोक हसले. पालक म्हणून आईच नेमली गेली. सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि पुढे दर वर्षी हिशेब द्यायचा, हे कळल्यावर बाहेर येऊन ती मला म्हणाली, ‘ताई, माझ्या पोराच्या पैशाचा हिशेब मी कलेक्टरला द्यायचा?’ राग बरोबर होता. पण ज्या घरात सामाईक शेती आहे आणि चुलतभाऊ आहेत, तिथे तो हिशेब असलेलाच बरा, हे तिला रिक्षात बसेपर्यंत पटलं. मला वेगळीच गोष्ट खुपते. बँक म्हणाली म्हणून आपण अर्ज करतो. मुलाला स्वतःची सही, छोटी रक्कम, एटीएम हे शिकवून बघायचं राहूनच जातं. तो ज्या दुकानात पुड्या बांधायला जातो तिथे सुट्या पैशांत कधी चुकत नाही.

फेब्रुवारीत माझ्या लेकीची पाळी आली. तिच्या दाखल्यावर दहाव्या वर्षी नूतनीकरण असं लिहिलेलं होतं, आणि ती जानेवारीत दहा वर्षांची झाली. इतक्या जणींना मी प्रश्न समजावलेले, त्यामुळे घरात कोणाला काळजी नव्हती. ठोकळे तिने झटपट बसवले. काकू तिला न्यायला उठल्या, तर ही खुर्ची सोडेना. ‘मी इथे.’ बिस्किटालाही बधली नाही.

मग प्रश्न सुरू झाले आणि उत्तरं तीच देऊ लागली. केस स्वतः विंचरते का? ‘हो.’ वेणी? ‘आई.’ अंघोळ? ‘मी. गरम पाणी आई.’ दुकानात एकटी जाते का? माझ्याकडे बघून, ‘आई सोडत नाही.’ मॅडमनी पेन थांबवून मला विचारलं, खरंय? खरं होतं. कोपऱ्यावरचं दुकान, मधे एक रस्ता, आणि मी सोडत नाही. घड्याळ कळतं का, या प्रश्नाला तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून ‘जेवायची वेळ’ असं उत्तर दिलं. साडेबारा वाजले होते. मॅडमनी याचे गुण दिले की नाही, मला दिसलं नाही. मी समजावलेलं एकही वाक्य मला वापरावं लागलं नाही.

२१ मार्चला जागतिक डाउन सिंड्रोम दिनाचे दोन पायांत दोन वेगळे मोजे घालून झाले, शाळेतल्या बाईंनीही घातले. त्याच आठवड्यात निरामयची नूतनीकरणं. शेवटच्या दिवसांत पोर्टल कासवासारखं चालतं, म्हणून सगळ्यांना फेब्रुवारीतच सांगितलेलं असतं आणि सगळे मार्चच्या शेवटीच येतात. लेकीचं नवं दिव्यांग कार्ड पोस्टाने आलं. पिवळं, ७५ टक्के, पूर्वी होते तेवढेच. सासूबाईंनी ते उलटसुलट करून बघितलं.

‘म्हणजे सुधारली की नाही?’

‘वय वाढलं तसे प्रश्नही वाढतात, आई. कार्डावर फरक दिसत नाही.’

‘मग दुकानात पाठव की तिला,’ सासूबाई म्हणाल्या, आणि कोथिंबिरीसाठी दहाची नोट काढून तिच्या हातात दिली. मी फाटकापर्यंत गेले. रस्ता तिचा तिने ओलांडला, कोथिंबीर आणली, आणि उरलेल्या पैशांचं चॉकलेट.