चांगला चालला होता, मग बंद का केला?

सुरुवात टीशर्टपासून होते. माझ्या टीशर्टवर काळ्या-पांढऱ्यात एक माणूस नाचतोय. अंगात सूट, डोक्यावर आखूड काठाची हॅट. हा कोण, असं कुणी विचारलं की मी नाव सांगतो, ऑपरेशन आयव्ही. ते कुणी ऐकलेलं नसतं. मग मी न विचारता पुढचंही सांगून टाकतो. बँड इथलाच, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीकडचा. दोन वर्षं चालला, एकच अल्बम काढला, लोक डोक्यावर घ्यायला लागले आणि पोरांनी गाशा गुंडाळला. यावर प्रश्न ठरलेला: "चांगला चालला होता ना, मग बंद का केला?" मी फ्रीमाँटला राहतो. इथल्या आपल्या मंडळींत निम्मी बोलणी कुणाची कंपनी किती वाढली यावर चालतात, त्यामुळे हा प्रश्न फारच कळवळून विचारला जातो. हातात प्लेट धरून त्याचं उत्तर देता येत नाही. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून लिहितोय.

हा बँड स्का आणि पंक मिसळून वाजवायचा, म्हणून आधी स्का म्हणजे काय ते. जमैकात १९५०च्या दशकाच्या अखेरीस हे संगीत घडलं, रेगे त्यातूनच पुढे आलं. तोंडाने 'एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि' म्हणा आणि पायाने आकड्यांवर ठेका धरा. स्कातली गिटार आकड्यावर गप्प बसते आणि 'आणि'वर वाजते. तीही कशी, तर फटका मारल्या मारल्या तारांवरची बोटं सैल करायची, म्हणजे सूर रेंगाळत नाही, नुसता 'चक्' ऐकू येतो. आपला कान समेची वाट बघणारा, त्यामुळे पहिली पाच मिनिटं जरा चुकचुकल्यासारखं होतं. मग पाय आपोआप उचलला जातो.

१९७९च्या सुमाराला इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीच्या टू टोन या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीने, हे संगीत पंकच्या, म्हणजे वेगवान, खरबरीत रॉकच्या, जवळ आणून बसवलं. गोऱ्या-काळ्या पोरांचे एकत्र बँड, काळ्या-पांढऱ्या चौकटी, आणि चिन्ह म्हणून सूट-हॅटवाला एक माणूस, जो जमैकाचा रेगे गायक पीटर टॉश याच्या फोटोवरून काढला होता. माझ्या टीशर्टवरचा माणूस त्याच घराण्यातला. तो ऑपरेशन आयव्हीचा गायक जेसी मायकल्स याने स्वतः काढलाय.

बँडचं नाव मात्र भयंकर आहे. ऑपरेशन आयव्ही हे अमेरिकेच्या १९५२ सालच्या अणुचाचण्यांचं सांकेतिक नाव. मार्शल बेटांमधल्या एनिवेटोक इथे १ नोव्हेंबरला पहिला मोठा हायड्रोजन बॉम्ब फोडला. स्फोट साधारण १० मेगाटनांचा. एलुगेलाब नावाचं अख्खं बेट नाहीसं झालं, उरला समुद्रातला खड्डा. रेगनच्या काळात, शीतयुद्धाच्या बातम्या ऐकत वाढलेल्या पोरांनी नाचायच्या गाण्यांच्या बँडला हे नाव दिलं, यातच त्यांचा पिंड कळतो.

टिम आर्मस्ट्राँग आणि मॅट फ्रीमन हे बर्कलीला लागून असलेल्या ऑल्बनीचे, लहानपणापासूनचे मित्र. टिम गिटारवर, तेव्हा तो स्वतःला 'लिंट' म्हणवून घ्यायचा. मॅट बास गिटारवर. गायला जेसी, ड्रमवर डेव्ह मेलो. मे १९८७मध्ये चौघं वाजवायला लागले. स्का म्हटलं की ट्रम्पेट, ट्रॉम्बोन हे आलंच, पण यांच्याकडे फुंकायचं एकही वाद्य नव्हतं. ती सगळी जागा मॅटच्या बासने भरून काढली. गिटार 'चक् चक्' करत असताना तो खाली अशी धावपळ करतो की गाण्याची चाल नक्की कुणाकडे आहे असा प्रश्न पडावा. माझ्या मते या बँडचा खरा जीव तो बास आहे, टिमच्या चाहत्यांना काय वाटायचं ते वाटो.

आता मुख्य गोष्ट, जागा. ९२४ गिलमन स्ट्रीट, बर्कली. गोदामं आणि छोट्या कारखान्यांचा भाग, त्याच इमारतीत खुर्च्या वेताने विणून देणाऱ्यांचं दुकान. ३१ डिसेंबर १९८६ला इथे एक क्लब सुरू झाला. मागे बळ होतं 'मॅक्सिमम रॉकनरोल' या पंक मासिकाच्या टिम योहानन याचं, पण राबणारे सगळे स्वयंसेवक. कोणत्याही वयाच्या माणसाला प्रवेश. दारू नाही, ड्रग्ज नाहीत, मारामारी नाही, वर्णद्वेष नाही, बायकांना किंवा समलिंगी लोकांना हिणवणं नाही. हे नियम भिंतीवरच रंगवलेले. कारभार सभासदांच्या बैठकीत ठरायचा. आपल्या गणेशोत्सव मंडळात जसा काल पावतीपुस्तक घेऊन फिरणारा आज नाटकात राजा असतो, तसं इथे आज दारावर तिकिटं फाडणारं पोर उद्या स्टेजवर असायचं आणि स्टेजवरचा कार्यक्रमानंतर झाडू मारायचा.

ऑपरेशन आयव्ही याच खोलीत वाढला. माईक जेसीच्या हातात जेमतेम असायचा, निम्मी गाणी समोरचे गायचे. जुन्या ध्वनिफितींत नीट ऐकलंत तर गायक कोण आणि गर्दी कोण हे कित्येकदा उलगडत नाही. जानेवारी १९८८मध्ये लुकआउट या नवख्या लेबलने त्यांची 'हेक्टिक' ही सहा गाण्यांची छोटी रेकॉर्ड काढली. त्याच वर्षी ते अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. व्हॅन नव्हती, एका जुन्या मोटारीत माणसं आणि सामान कोंबलेलं.

मग अल्बम, 'एनर्जी'. आधी तो गिलमनमध्येच ध्वनिमुद्रित करायचा घाट घातला होता, तो फसला. शेवटी सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टुडिओत, निर्माता केव्हिन आर्मी याच्या हाताखाली, एकोणीस गाणी झाली. सगळी मिळून अर्ध्या तासाहून थोडी जास्त. रेकॉर्डिंग खरबरीत आहे, आवाज चिरकतो, आणि ते तसंच असायला हवं होतं.

अल्बम बाजारात आला त्याच सुमाराला, २८ मे १९८९ला, गिलमनमध्ये शेवटचा जाहीर कार्यक्रम झाला. खोली खच्चून भरलेली. त्या रात्री वाजवणाऱ्यांत एका पोरासोरांच्या बँडने नुकतंच नवं नाव घेतलं होतं, ग्रीन डे. दुसऱ्या दिवशी पिनोल गावात एका मित्राच्या परसात चौघं आणखी एकदा वाजले. तिथे संपलं.

तर, का? 'तत्त्वासाठी त्याग केला' हे उत्तर ऐकायला छान आहे, पण मला ते पुरतं पटत नाही. जेसी तेव्हा वीस वर्षांचा होता. चाळीस ओळखीच्या माणसांपुढे ओरडण्यासाठी लिहिलेली गाणी अनोळखी गर्दी तोंडपाठ म्हणायला लागली, बाहेरून विचारणा व्हायला लागली, आणि तो ताण त्याला झेपेना. त्यातून वेगळं वळण घेण्यासारखी वाट नव्हती असंही नाही. पण हा बँड त्या खोलीच्या मापाने शिवलेला होता. ऐकणारा आणि वाजवणारा एकच, या गृहीतकावर ती गाणी उभी होती. मोठ्या सभागृहात तीच गाणी वाजली असती, पण समोरचा माणूस गिऱ्हाईक झाला असता. वाढायचं की तसंच राहायचं, एवढाच सवाल होता, आणि त्यांना तसंच राहून वाढता आलं नसतं. कंपनीच्या भाषेत याला अपयश म्हणतात, म्हणूनच आपल्या मंडळींना मी हे समजावू शकत नाही.

याची किंमतही चुकवावी लागली, ते लपवत नाही. टिम आर्मस्ट्राँग दारूच्या पार आहारी गेला. त्याला सावरायला मॅटने पुढे होऊन १९९१मध्ये नवा बँड उभा केला, रॅन्सिड. तो आजही वाजतो. १९९५च्या त्यांच्या अल्बममध्ये ऑपरेशन आयव्हीच्या दिवसांवर एक गाणं आहे, ते जरूर शोधा. डेव्ह आणि जेसी वेगवेगळ्या वाटांनी गेले. जेसी मधली बरीच वर्षं संगीतापासून लांब होता, मग कॉमन रायडर हा बँड घेऊन परतला.

दुसरी वाट घेतली असती तर काय झालं असतं, याचं उदाहरण त्या रात्रीच्याच यादीत होतं. ग्रीन डेने १९९३मध्ये मोठ्या कंपनीशी करार केला, १९९४मध्ये 'डूकी' हा अल्बम आला आणि जगभर खपला. मोठ्या कंपन्यांचे बँड गिलमनमध्ये वाजवायचे नाहीत असा नियम होता, त्यामुळे स्वतःच्याच आळीत त्यांना दार बंद झालं. ते पुन्हा तिथे वाजले ते २०१५मध्ये, एका मदतनिधीच्या कार्यक्रमात. मी ग्रीन डेला नावं ठेवत नाही, आवडीने ऐकतो. फक्त दोन्ही वाटांना पथकर होता, एवढंच.

गंमत अशी की ऑपरेशन आयव्ही बंद पडल्यावरच जास्त खपला. १९९१मध्ये लुकआउटने सगळी गाणी एका सीडीवर आणली, सत्तावीस, आणि ती वर्षानुवर्षं हातोहात जात राहिली. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत स्का-पंकची जी लाट आली, त्यातल्या कित्येक पोरांनी ती सीडी घासून झिजवली होती. पुढे लुकआउटने कलाकारांचे पैसे थकवले तेव्हा गाणी तिथून काढून घेतली गेली आणि २००७मध्ये टिमच्या हेलकॅट लेबलवरून पुन्हा आली.

"मग आता एकत्र येतील का?" हाही प्रश्न असतोच. जेसी आणि टिमने गेल्या काही वर्षांत मिळून नवी गाणी केली, पण जुनं नाव लावलं नाही. मला ते बरोबर वाटतं. उद्या लावलं तर? इतकं सगळं लिहूनही पहिल्या दहा मिनिटांत तिकीट काढेन, आणि ते मैदानावर असेल, पार्किंगला चाळीस डॉलर असतील, तरी जाईन.

ऐकायचं असेल तर सत्तावीस गाण्यांचा संग्रहच लावा. 'बॅड टाउन' पासून सुरू करा. सॅक्सोफोन ऐकू आला तर दचकू नका, तो पाहुणा आहे.