डिझाइन सॉफ्टवेअरचं कोटेशन: तीन वर्षांचा आकडा मागून घ्या

नोकरी सोडून जिग, फिक्स्चर (कारखान्यात काम करताना भाग जागेवर धरून ठेवणारी साधनं) आणि शीट मेटलच्या म्हणजे पत्र्याच्या भागांचं डिझाइन स्वतः करायला लागले. नोंदणी, कॉम्प्युटर, पहिलं काम हे सगळं भराभर झालं. घोडं अडलं ते एकाच ठिकाणी: थ्रीडी सॉफ्टवेअरला पहिल्या तीन वर्षांत एकूण किती पैसे लागतील, हे लेखी मिळवण्यात.

ज्या विक्रेत्याशी बोलत होते, त्याच्या वेबसाइटवर किंमत नव्हती. फोन केला की उत्तर एकच, आधी डेमो बघा. डेमोत एक भलीमोठी असेंब्ली, म्हणजे अनेक भाग जोडलेलं मॉडेल, गरागरा फिरवून दाखवली. वाकवलेल्या पत्र्याचा फ्लॅट पॅटर्न (वाकवण्याआधीचा सपाट आकार) कसा निघतो, एवढंच मला बघायचं होतं. त्यासाठी पुन्हा वेळ घ्यावी लागली.

शेवटी कोटेशन आलं, तेही एका ओळीचं. मी विचारलं, शीट मेटलची सोय यात आहे की तिचे पैसे वेगळे? वार्षिक मेंटेनन्स, म्हणजे नव्या आवृत्त्या मिळत राहाव्यात म्हणून भरायची फी, दुसऱ्या वर्षी किती? एक वर्ष नाही भरलं आणि नंतर पुन्हा सुरू करायचं म्हटलं तर? यावर, “ते नंतर बघू मॅडम, महिनाअखेरची सवलत हातची जाईल.” दर वेळी हेच. नवीन धंदा करणाऱ्याला असं घाईला लावणं चूक आहे. आजही आठवलं की राग येतो, कारण खरा खर्च त्याच प्रश्नांच्या उत्तरांत होता.

कायमचा परवाना ‘एकदाच पैसे’ वाटतो. पण ग्राहक नव्या आवृत्तीतली मूळ फाइल पाठवतो आणि आपली जुनी आवृत्ती ती उघडत नाही. म्हणजे मेंटेनन्स कागदावर ऐच्छिक असला तरी असं काम असेल तर भरावाच लागतो. मध्ये खंड पडला तर काही ठिकाणी मागची थकबाकीही द्यावी लागते. सबस्क्रिप्शनची गोष्ट उलटी: पैसे थांबले की सॉफ्टवेअर बंद, आणि आपल्याच मॉडेलमध्ये बदल करता येत नाही. ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कने २०१६ मध्ये आपल्या बहुतेक उत्पादनांचे नवे कायमचे परवाने विकणं बंद केलं, त्यामुळे कित्येकदा निवडीला वावच नसतो.

मग मी स्वतःच एक तक्ता केला. पहिलं, दुसरं, तिसरं वर्ष. प्रत्येक मॉड्यूल (सॉफ्टवेअरचा वेगळा विकला जाणारा भाग), कर, प्रशिक्षण, खंड पडल्यास दंड. तो दोन विक्रेत्यांना पाठवला आणि कळवलं की हा भरून आल्याशिवाय पुढे बोलणं नाही. दुसऱ्याने निमूटपणे भरून दिला. सुटले! तीन वर्षांची बेरीज त्या एका ओळीच्या आकड्यापेक्षा कितीतरी मोठी निघाली, पण आता ती समोर होती आणि माझे दर मला तिच्यावरून ठरवता आले. त्या तक्त्याचा मला अभिमान आहे. आणि हो, ती महिनाअखेरची सवलत पुढच्या महिन्यातही होतीच.

डेमोला जाताना आपल्या कामातला एक अवघड भाग सोबत न्या आणि तोच समोर करून मागा.

फुकटच्या पर्यायांच्या अटी नीट वाचा. ऑटोडेस्कच्याच फ्यूजन या थ्रीडी सॉफ्टवेअरचा वैयक्तिक परवाना व्यावसायिक कामासाठी नाही. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या ऑनशेपच्या मोफत खात्यातली मॉडेल सगळ्यांना दिसतात. ग्राहकाचं डिझाइन तिथे ठेवायचं नाही म्हणजे नाही. विद्यार्थी परवान्यावर बिलाचं काम करू नका. फ्रीकॅड हे मोफत सॉफ्टवेअर मात्र धंद्यासाठीही खुलं आहे. नोव्हेंबर २०२४ च्या १.० आवृत्तीपासून त्यात असेंब्लीची सोयही आली. साध्या भागांसाठी मी तेच वापरते, त्यामुळे महागडा परवाना एकच पुरतो.

आधी सांगायचं राहिलं: काही कंपन्यांच्या नवउद्योगांसाठी सवलतीच्या योजना असतात. तुम्ही पात्र आहात का ते विचारा आणि योजना संपल्यावर कोणता दर लागेल, तेही तक्त्यात लिहून घ्या.

प्रत्येक काम संपलं की स्टेप फाइल आणि ड्रॉइंगची पीडीएफ काढून ठेवा. स्टेपमध्ये फीचरचा इतिहास (मॉडेल कोणत्या पायऱ्यांनी बनवलं ते) उरत नाही, पण भूमिती राहते आणि ती दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते. सबस्क्रिप्शन घेतलं असेल तर आपोआप नूतनीकरण बंद करा, आणि मुदत संपण्याच्या महिनाभर आधी नवा दर लेखी मागवा.