पाच बाय सातचे न्हाणीघर

जुळे सोलापुरातील आमच्या नव्या घराच्या बांधकामावर आज दुपारभर गवंडी आणि प्लंबर यांच्यासमवेत थांबून न्हाणीघराची आखणी केली. जागा जेमतेम 5 फूट बाय 7 फूट असून गिलावा आणि फरशा लागल्यावर तीही थोडी कमी होणार आहे, म्हणून नकाशावर विसंबून न राहता कोब्यावर खडूने रेघा मारून पाहिल्या.

कमोडचा मध्य बाजूच्या भिंतीपासून 15 इंचांवर आणि त्याच्यापुढे 24 इंच मोकळी जागा धरल्यावर आत उघडणारे दार अडू लागले, तेव्हा ते बाहेर उघडायचे ठरवले. आई सत्तरी ओलांडलेली आहे. आत कोणी पडले तर आत उघडणारे दार त्याच व्यक्तीला अडून उघडता येत नाही, हे कारण मला जागेच्या बचतीपेक्षा मोठे वाटते.

सर्वाधिक वेळ गेला तो पाण्याच्या पिंपावर. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तरी नकाशात पिंपाला जागाच दाखवलेली नव्हती. अखेर वॉश बेसिन बाहेर पॅसेजमध्ये नेले आणि त्या कोपऱ्यात पिंप बसवले. उतार दारापासून आतल्या जाळीकडे, सात फुटांत साधारण दीड इंच राहील.

उद्या आईला तेथे नेऊन, खडूच्या रेघांमध्ये स्टुलावर बसवून, आधाराचा दांडा किती उंचीवर हवा ते तिलाच विचारणार आहे.