गोळी हळूहळू कमी करताना: माझा अनुभव

ज्यांच्या घरात पार्किन्सन्स आहे आणि औषधांच्या डब्यात प्रामिपेक्सॉल किंवा रोपिनिरोल आहे, त्यांच्या बायका, नवरे, मुलं, सुना यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. या गोळ्यांनी काही जणांना जुगार, खरेदी अशा गोष्टींची ओढ अनावर होते, आणि आमच्या घरी तसंच झालं. आमच्या मदतगटात रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर. मी शुभंकर आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे गोळीबद्दलचा कुठलाही निर्णय हे वाचून घेऊ नका. पण डॉक्टरांना काय विचारायचं, ते मात्र यातून जरूर घ्या.

यांना पार्किन्सन्स निघाला तेव्हा साठी अजून लांब होती. साखर कारखान्यात अकाउंट्सला होते. व्हाउचरवरची सही बारीक बारीक होत चालली आहे, हे कारखान्यातल्याच एकाच्या लक्षात आलं. मग उजव्या हाताचा कंप दिसायला लागला. सांगलीच्या न्यूरॉलॉजिस्टनी प्रामिपेक्सॉल सुरू केलं, आणि त्याला कारण होतं. लेव्होडोपा हे या आजारावरचं सर्वांत गुणकारी औषध, पण ते वर्षानुवर्षं घेतल्यावर अंग आपोआप वळवळायला लागू शकतं, आणि कमी वयात आजार झालेल्यांना तो त्रास जास्त होतो. म्हणून अशा रुग्णांना बऱ्याचदा आधी डोपामिन अ‍ॅगोनिस्ट गटातली, म्हणजे मेंदूतल्या डोपामिन या रसायनासारखं काम करणारी गोळी देतात. गोळी लागू पडली. शर्टाची बटणं स्वतः लावायला लागले, पुन्हा स्कूटर काढली. पुढे डोस वाढला, सोबत थोडा लेव्होडोपाही आला.

डोस वाढल्यानंतर घरात लॉटरीची तिकिटं दिसायला लागली. आधी एखादं, मग शर्टाच्या खिशात, पाकिटात, पोथीच्या पानांत. दुधाचा हिशेब वहीत पैशापर्यंत लिहिणारा हा माणूस. उभ्या आयुष्यात यांनी तिकीट घेतलं नव्हतं, आणि पत्त्याला हात लावला तो फक्त दिवाळीत, पोरांबरोबर. त्यामागोमाग पार्सलं सुरू झाली. टॉर्च, पान्यांचे संच, ड्रिलची पाती, एकासारखी एक. रात्री दोन वाजता उठून जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचे आणि स्क्रू, नट, वॉशर मापाप्रमाणे वेगळे करत बसायचे. सगळे वेगळे झाले की एकत्र करून पुन्हा पहिल्यापासून. हाक मारली तर चिडायचे. मग एक दिवस मुदत ठेव मोडल्याचा बँकेचा मेसेज आला.

आक्का, म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई, म्हणाल्या, "वाडीला जाऊन या, दत्ताचं काहीतरी करायचं राहिलं असेल." धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, व्यसनमुक्ती केंद्रात ठेवू या दादाला." दोघांच्याही बोलण्यात प्रेमच होतं. मला मात्र राहून राहून वाटत होतं, की हा स्वभाव यांचा नाही, मग तो आला कुठून? मी प्रिस्क्रिप्शनची फाइल आणि बँकेचं पासबुक शेजारी शेजारी ठेवलं आणि एका कागदावर तारखा उतरवल्या. डाव्या बाजूला गोळी कधी किती वाढली ते, उजव्या बाजूला पैसे कधी किती निघाले ते. तो कागद बघितल्यावर मला वेगळं काही सांगावं लागलं नाही. पुढच्या सगळ्या प्रवासात त्या एका कागदाइतका उपयोग दुसऱ्या कशाचा झाला नाही, म्हणून आधी तेच सांगते. तसा कागद करा.

डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. मग थेट यांनाच विचारलं, "काका, तिकीट घ्यावंसं वाटतं का? न घेता राहवतं का?" हे म्हणाले, "छे, तसलं काही नाही." डॉक्टर वाद घालत बसले नाहीत. त्यांनी मला बाहेरच्या खोलीत वेगळं बसवून विचारलं. नंतर म्हणाले, "काकू, हा गोळीचा परिणाम असू शकतो. पण आज घरी जाऊन एकदम बंद करायची नाही. काहीही झालं तरी नाही." आणि त्यांनी आम्हाला पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथे न्यूरॉलॉजी आणि मानसोपचार हे दोन विभाग मिळून याच विषयाचा अभ्यास करत होते.

अभ्यासात भाग घ्यायचा की नाही हे आमच्यावर होतं. संमतीपत्रक मराठीत होतं. यांनी त्यातली ओळ न् ओळ वाचली. माहिती नावाने ठेवणार की नंबराने, कुठल्या कपाटात, किती वर्षं, सगळं विचारलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी न कंटाळता उत्तरं दिली. केव्हाही बाहेर पडता येईल, पडलात तरी उपचारात फरक होणार नाही, तक्रार असेल तर नैतिकता समितीचा हा पत्ता. हे सही करताना ताठ बसले होते. कितीतरी महिन्यांनी कुणीतरी त्यांना शहाण्या माणसासारखं वागवत होतं. मला ते फार बरं वाटलं.

प्रश्नावलीचं नाव क्विप. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डॉक्टर डॅनियल वाइनट्रॉब यांच्या गटाने ती २००९ मध्ये प्रसिद्ध केली, खास पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी. आजार झाल्यापासून कधीही, निदान चार आठवडे टिकलेलं असं काही होतं का, असं त्यात विचारतात. जुगार, खरेदी, खाणं, कामेच्छा. त्याशिवाय तेच ते काम करत राहणं, उगाच भटकणं, आणि ठरल्यापेक्षा जास्त गोळ्या घेणं. रात्रभर स्क्रू वेगळे करत बसण्यालाही शास्त्रात जागा आहे, त्याला पंडिंग म्हणतात, हे मला तिथे कळलं. घरच्यांसाठी वेगळी प्रश्नावली असते आणि ती वेगळ्या खोलीत भरून घेतात. रुग्णाला लाज वाटते, किंवा त्याला खरोखरच ते वावगं वाटत नसतं, म्हणून दोघांची उत्तरं जुळतीलच असं नाही. आमची जुळली नाहीत.

कामेच्छेचे प्रश्न मला माझ्या मुलाच्या वयाच्या त्या डॉक्टरांनी विचारले. मी उत्तर दिलं. काय दिलं ते आमच्यात राहू दे. पण बायांनो, हा प्रश्न आला तर गप्प बसू नका. कित्येक घरांत नेमका हाच त्रास असतो, आणि तो नवऱ्याच्या चारित्र्याच्या नावावर जमा होतो.

मग संगणकावरचा एक पत्त्यांचा खेळ झाला. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९४ मध्ये तो मांडला. पत्त्यांचे चार गड्डे असतात. दोन गड्ड्यांत दर पानाला मोठी रक्कम मिळते, पण मधूनच असा दंड बसतो की शेवटी तोटाच होतो. उरलेल्या दोन गड्ड्यांत मिळकत थोडी, दंडही थोडा, आणि शेवटी फायदा. कुठला गड्डा कसा आहे हे आधी सांगत नाहीत. साधारणपणे माणूस खेळता खेळता दंडावरून शिकतो आणि कमी मिळकतीच्या गड्ड्यांकडे वळतो. मी आत नव्हते आणि निकालही कुणी आम्हाला सांगितला नाही, तो अभ्यासाचा भाग होता. परतताना शिवशाहीत हे आपणहून म्हणाले, "अगं, पहिल्या दोन गड्ड्यांत पैसे भरपूर सुटत होते." दंडाबद्दल मी विचारलं, तर म्हणाले, "बसत होता. पण तो काही डोक्यात राहत नव्हता." आयुष्यभर दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढलेला माणूस हे सांगत होता. मी खिडकीबाहेर तोंड केलं.

पुढच्या वेळी मानसोपचारतज्ज्ञ मॅडमनी हे वाक्य ऐकून मान हलवली. २००४ मध्ये सायन्स या नियतकालिकात यावर एक प्रयोग छापून आला होता, असं त्यांनी सांगितलं. पार्किन्सन्सचे रुग्ण डोपामिनचं औषध घेतलेलं असताना बक्षिसावरून चांगलं शिकले आणि तोट्यावरून कमी. औषध न घेतलेलं असताना नेमकं उलटं. मेंदूत हालचालीचं काम बघणाऱ्या भागातलं डोपामिन या आजारात आधी आटतं, पण बक्षिसाची ओढ सांभाळणारा भाग त्यामानाने शाबूत असतो. गोळी पोटात जाते ती दोन्हीकडे पोचते. शिवाय प्रामिपेक्सॉलची पकड डी-३ नावाच्या ग्राहकांवर, म्हणजे पेशींवरच्या डोपामिन पकडणाऱ्या जागांवर, जास्त असते, आणि ते ओढीच्या भागातच दाट असतात. हे शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे कोरड्या वाफ्यापर्यंत पाणी जावं म्हणून पाट भरून सोडला, की ओला वाफा तुंबणारच." मॅडम म्हणाल्या, "काका, आता हे मी बाकीच्यांना सांगणार."

आकडेही त्यांनीच दिले. २०१० मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या ४६ केंद्रांवरच्या ३,०९० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १३.६ टक्के रुग्णांत यातला किमान एक प्रकार सापडला. अनावर खरेदी ५.७ टक्के, जुगार ५, अति खाणं ४.३, कामेच्छेचा त्रास ३.५. डोपामिन अ‍ॅगोनिस्ट घेणाऱ्यांत हे प्रमाण १७.१ टक्के होतं आणि न घेणाऱ्यांत ६.९. म्हणजे बहुतेकांना ही गोळी घेऊन असलं काही होत नाही, हेही तितकंच खरं, आणि ज्यांना होत नाही त्यांना ती खूप काही देते. कमी वय, धूम्रपान, घराण्यात जुगाराचा इतिहास असेल तर धोका वाढतो. यांच्या वडिलांचे एक चुलते मटक्यापायी जमीन घालवून बसले होते. गोळी सुरू करताना तसं विचारलं गेलं असतं, तर आम्ही सांगितलं असतं. माझी कळकळ एवढीच आहे, की पहिल्या दिवशीच हा प्रश्न विचारला जावा, आणि रुग्णाबरोबर घरच्यांनाही विचारला जावा.

दिरांना मी फोनवर सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मग हे व्यसन की आजार?" मॅडमच्या मते शास्त्रालाही यावर बराच काळ विचार करावा लागला. १९८० मध्ये जुगाराची विकृती अमेरिकन मानसोपचाराच्या निदानपुस्तकात आली ती आवेगाच्या विकारांत, म्हणजे ऊर्मी आली की स्वतःला आवरता न येण्याच्या विकारांत, आणि २०१३ मध्ये ती तिथून उचलून व्यसनांच्या प्रकरणात ठेवली गेली. आमच्या घरापुरतं उत्तर सोपं होतं. आधी गोळी कमी करायची.

ते दिवस कठीण होते. त्याची कल्पना मला कुणी आधी दिली असती तर बरं झालं असतं, म्हणून सविस्तर लिहिते. डोस अगदी थोडा थोडा उतरवला आणि तेवढ्यास तेवढा लेव्होडोपा वाढवला. अंग आखडणं परत आलं, पलंगावरून उठायला हात द्यावा लागायचा. पण ते अपेक्षित होतं. नव्हतं अपेक्षित ते हे, की यांना घाम सुटेल, छाती धडधडेल, संध्याकाळी लहान मुलासारखं रडू येईल. "ती जुनी गोळी तेवढी अर्धी दे गं," असं हे रोज म्हणायचे. लेव्होडोपा कितीही दिला तरी ही तगमग थांबत नाही. २०१० मध्येच न्यूयॉर्कच्या दोन डॉक्टरांनी तिचं वर्णन केलं होतं. त्यांच्याकडे २६ जणांची ही गोळी कमी केली, त्यातल्या ५ जणांना असं झालं, आणि त्या पाचही जणांना आधी आवेगाचा त्रास होता. म्हणजे दारू सुटताना जशी तगमग होते तशी ही गोळी सुटतानाही होऊ शकते. हे माहीत असलं तर बाई घाबरून जुना डोस परत सुरू करत नाही. मला ते कळलं ते मधल्या एका रात्री मॅडमना फोन केल्यावर. त्यांनी कमी करण्याचा वेग आणखी मंद केला आणि झोपेसाठी काही दिवस वेगळं औषध दिलं.

पैशाची व्यवस्था यांच्याशी बोलूनच केली, पाठीमागून नाही. खातं दोघांच्या सहीचं केलं, यूपीआयची रोजची मर्यादा अगदी कमी ठेवली, उरलेल्या ठेवीच्या पावत्या मुलाकडे पुण्याला दिल्या. लॉटरीच्या टपरीवाल्याला हे स्वतः जाऊन सांगून आले, "मला तिकीट देऊ नको, आजारी आहे मी." मी सोबत चालले होते, पण बोलले तेच. पार्सल आलं तर न फोडता परत पाठवायचं, एवढं मी सांभाळलं.

जोडीला समुपदेशन होतं. लंडनमध्ये पार्किन्सन्सच्या अशा रुग्णांवर विचार आणि वर्तनावर काम करणाऱ्या उपचाराची चाचणी झाली होती आणि तिचा फायदा दिसला होता, त्याच धर्तीवर. इच्छा कधी येते, त्याआधी काय घडलेलं असतं, ती किती वेळ टिकते, हे यांनी वहीत लिहायचं. वही म्हटल्यावर यांना सांगावंच लागत नाही. रकाने आखून, तारीख-वेळ घालून लिहिलं. तीन-चार पानांनंतर नोंदी विरळ होत गेल्या, आणि रात्रीची वर्तमानपत्रं पसरणं थांबलं ते कधी, हे तर मला सांगताही येणार नाही.

आक्का मध्ये राहायला आल्या होत्या. त्यांना यांनीच पाटाचा आणि वाफ्याचा दृष्टांत देऊन सगळं समजावलं. त्या म्हणाल्या, "मग गोळीवाल्यांनी आधी सांगायला नको?" आणि वाडीला आम्ही गेलोच, आक्कांच्या समाधानासाठी आणि माझ्याही.

आता प्रामिपेक्सॉल पूर्ण बंद आहे. सकाळी पहिल्या गोळीचा परिणाम सुरू होईपर्यंत यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, स्कूटर विकली, चालणं मंदावलं आहे. मोडलेली ठेव काही परत आली नाही. आवेग गेला म्हणून आजार गेलेला नाही, आणि लेव्होडोपाच्या वेळा पुन्हा बसवायच्या आहेत, त्यासाठी पुढच्या महिन्यात पुण्याला जायचं आहे. अभ्यासाची शेवटची प्रश्नावलीही तेव्हाच भरायची आहे. यांनी मला बजावून ठेवलंय, की या वेळी दोघांची उत्तरं जुळली पाहिजेत, म्हणून मागच्या खेपेला मी काय काय लिहिलं होतं ते सगळं सांग. मी सांगितलं. कामेच्छेच्या प्रश्नाचं उत्तरसुद्धा.